पाना माझ्याकडेच राहिला, काका

छोटा हत्तीवाले काका, नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. आमच्या त्या मोटरखान्यात, म्हणजे खांबांमधून घड्याळ लावून गाडी चालवायच्या खेळात, स्पर्धकांच्या यादीत तुम्ही नव्हता, पंचांच्या यादीतही नव्हता. तो भरवणाऱ्या क्लबच्या पोरांना फोन केला तर म्हणाली, 'खांब आणायला मार्केट यार्डातून टेम्पो केलेला, नंबर काही सेव्ह केला नाही.' म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. यार्डात कुणाला ओळख पटली तर निरोप पोचवावा. खूण एवढीच सांगता येईल: टेम्पोच्या हौद्यात हळदीचा पिवळा थर आणि फेब्रुवारीच्या भर दुपारीही अंगात हाफ स्वेटर.

माझी खूण म्हणजे पांढरी मारुती ८००. सांगलीजवळच्या कुपवाडच्या पलीकडच्या त्या मुरमाच्या मैदानावर एकच होती. बाकी सगळ्या स्विफ्ट, पोलो आणि एक जुनी झेन. गाडी बाबांची, १९९८ ची. ती द्यायला त्यांनी दोन दिवस लावले आणि दिल्यावरही शेजारी बसून आले, खरचटलं तर जागच्या जागी कळावं म्हणून. तपासणीला पोरं म्हणाली, गाडीतलं सुटं सामान सगळं बाहेर काढा. सीटखालून छत्री निघाली, औदुंबरचे दोन नारळ निघाले आणि बाबांचा हरवलेला चष्मा निघाला. नारळ तुम्हीच केबिनमध्ये ठेवून घेतलेत. आता आठवलं असेल.

तुम्ही पहिल्यांदा विचारलंत ते हे: 'ताई, मोटरखाना म्हणालेत, मग जेवण कुठाय?' मी नुसती हसले, कारण मलाही नीट माहीत नव्हतं. नंतर ऑस्ट्रेलियात राहून आलेल्या क्लबातल्या मुलाकडून समजलं ते सांगते. आपल्याकडच्या गेंदखान्यावरून, म्हणजे चेंडू खेळायच्या जागेवरून, साहेबाच्या तोंडी जिमखाना झाला म्हणतात. खांबांमधून घोडे नागमोडी पळवायच्या खेळालाही मग तेच नाव पडलं. घोड्याच्या जागी मोटार आली तेव्हा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडच्या लोकांनी त्याचं मोटरखाना केलं. म्हणजे दवाखाना, कारखाना यांच्याच पंगतीतला शब्द, फिरून आपल्याकडे आलेला. जेवणाचं म्हणाल तर भडंग होतं, आणि त्यातलं निम्मं बाबांनी संपवलं.

रस्त्याने जाणाऱ्यांचा वेगळाच घोटाळा. २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींची वाट मोकळी केल्यापासून आपल्याकडे मैदानात झेंडे दिसले की लोक मोटारसायकल थांबवतातच. 'बैलं कुठायत?' असं मला तिघांनी विचारलं. एकावेळी एकच गाडी सुटते, वेग तीसच्या वर क्वचितच जातो आणि जिंकायचं ते घड्याळाशी, हे ऐकून एक आजोबा वैतागून निघूनच गेले.

माझी पहिली फेरी तुम्ही पाहिलीत. पाइप सिमेंटच्या डब्यांत रोवून केलेले तुमचेच ते खांब. पहिला डावीकडून, दुसरा उजवीकडून, तिसऱ्याला पूर्ण वळसा, परत येऊन चार खांबांच्या 'गॅरेज'मध्ये घुसायचं, थांबायचं, रिव्हर्समध्ये बाहेर पडून पुन्हा तोंड फिरवायचं आणि शेवटची रेषा पुढच्या-मागच्या चाकांच्या मधोमध येईल अशी गाडी उभी करायची. खांब पाडला की ५ सेकंद दंड. दिशा चुकली तर आपली वेळ बाद, गटातल्या सगळ्यात हळू गाडीची वेळ आणि वर ५ सेकंद. मी दुसऱ्याच खांबाला डावीकडून गेले. ते लक्षात आलं म्हणून गडबडून हँडब्रेक ओढला, तर काहीच झालं नाही. गाडी आपली संथ चालतेय आणि मी लिव्हर उपसतेय. पोरं हसली त्याचं वाईट वाटलं नाही, मलाही हसू आलं असतं. 'मॅडम, ही भंगारात घाला' असं एकजण म्हणाला, ते मात्र बाबांनी ऐकलं.

तेव्हा तुम्ही खांब सरळ करत होता. ते सोडून आलात, खिडकीतून हात घातलात, लिव्हर ओढलात आणि दात मोजलेत. टक, टक, टक... अकरा. 'अकराव्या दाताला धरालाय. हा ब्रेक नव्हं ताई, पिशवी अडकवायची खुंटी हाय.' महिनाभर आधीच मी एका गॅरेजात सर्व्हिसिंग केलं होतं. बिलावर 'ब्रेक चेकअप' असं स्वच्छ अक्षरात लिहिलंय, अजून जपून ठेवलंय. तुम्ही टेम्पोतून दहा नंबरचा पाना आणलात, लाल चिकटपट्टी गुंडाळलेला, आणि लिव्हरच्या बुडाशी गुडघ्यावर बसून नट आवळलात. पुन्हा मोजलेत: सहा. मग लिव्हर खाली सोडून गाडी हाताने पुढेमागे ढकलून बघितलीत, चाक घासत तर नाही ना म्हणून. हे बघायचं असतं हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं.

हँडब्रेकवर गाडी फिरवायची कशी ते क्लबच्या पोरांनी शिकवलं होतं: आधी स्टेअरिंग वळवायचं, क्लच दाबायचा, बटण दाबून धरूनच लिव्हर ओढायचा, म्हणजे मागची चाकं जाम होतात आणि गाडीची शेपूट फिरते. पार्किंग ब्रेकचं नुसतं बटण असलेल्या नव्या गाड्यांना हे जमत नाही, तेवढ्यापुरती आमची ८०० वरचढ. पण तुम्हाला त्याचं काही कौतुक दिसलं नाही. 'ते ऱ्हाऊ दे. आधी चालून या,' म्हणालात.

आणि चालवलंतच मला. हातात हेल्मेट स्टेअरिंगसारखं धरून, भर उन्हात, दोनदा. मी उजवीकडे वळायच्या आधी हेल्मेट उजवीकडे फिरलं नाही तर मागून 'हांऽऽ' असा आवाज यायचा. बाबा भडंग खाता खाता बघत होते, त्यांनी फोटोही काढलाय. गॅरेजपाशी आल्यावर मला उलटं चालायला लावलंत. 'मान मोडून मागं बघू नका. घाई कशाला करालाय? आरशात खांब दिसतोय तवर दिसू दे. मागच्या दाराच्या मुठीपाशी आला की स्टेअरिंग फुल मारा.' यार्डात दोन्ही बाजूंना पोती रचलेल्या बोळातून वखारीपर्यंत उलटा टेम्पो घालणाऱ्या माणसाचं ते वाक्य. मी १५ वर्षं गाडी चालवते आणि पार्किंग करताना अजूनही नवऱ्याला खाली उतरवते.

दुसऱ्या फेरीत दोन खांब पाडले, दोन्ही रिव्हर्समध्ये, मुठीची वाट न बघता मारलं म्हणून. तुम्ही काही बोलला नाहीत, खांब उचललेत आणि आरशाकडे बोट दाखवलंत. तिसऱ्या फेरीत मूठ दिसली, खांब तिच्याशी आला आणि मी मारलं. पॉवर स्टेअरिंग नाही, दंडातून कळ गेली, पण गाडी चार खांबांच्या मधून लोण्यातून सुरी निघावी तशी बाहेर आली. ४४ सेकंद, दंड शून्य. पहिल्या आलेल्या पोराला ३१ लागले होते, तेव्हा बक्षिसाचा प्रश्नच नव्हता. मी १९ जणांत १४ वी. भंगारवाला १६ वा. बाबांनी हे गल्लीत सगळ्यांना सांगितलंय, माझा नंबर मात्र कुणाला सांगत नाहीत.

बक्षीस समारंभाला तुम्हाला शोधलं तर तुम्ही खांब भरून निघून गेला होता. दुसरं भाडं असेल. आभार मानायचे राहिले, ते आता मानते. खूप खूप आभार, काका.

नारळ तुमच्याकडेच असू द्या, औदुंबरचे आहेत. पाना मात्र सीटखाली सापडला, लाल चिकटपट्टीचा. यार्डात कुठल्या दुकानावर ठेवू ते कळवा. पुढच्या खेपेला खांब तुम्हीच आणणार असाल तर तेव्हाच देते. परवा हँडब्रेक आठव्या दातावर आला होता, तो त्याच पान्याने मी स्वतः आवळला आणि गाडी ढकलूनही बघितली.