त्या जहाजावर नऊ कामगारांचा जीव गेला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला माल्टातल्या स्कूबा डायव्हिंगवरचा लेख वाचला. ‘उम अल फारूद’ या बुडवलेल्या तेलवाहू जहाजाचं वर्णन सुरेख आहे. पण ते बुडवायची वेळ का आली, याबद्दल एक ओळही नाही. चुटपुट लागून राहिली, म्हणून हे पत्र.

मी जहाजदुरुस्तीत ३२ वर्षं काढली, शेवटची ११ फोरमन म्हणून. टँकरवर गॅस-फ्री सर्टिफिकेट, म्हणजे टाकीत धोकादायक वायू उरलेला नाही असा दाखला, हातात पडल्याशिवाय आम्ही टाकीत माणूस उतरू देत नसू. टाकी रिकामी दिसते, पण तळच्या गाळातून वाफ निघतच असते. भरल्या टाकीपेक्षा रिकामीचीच धास्ती जास्त. ३ फेब्रुवारी १९९५ च्या रात्री माल्टाच्या गोदीत दुरुस्तीला आलेल्या या जहाजावर स्फोट झाला आणि गोदीचे नऊ कामगार गेले. पुढे तीनेक वर्षं जहाज पडूनच होतं. १९९८ मध्ये ते झुरिए गावाजवळच्या समुद्रात बुडवलं.

गेल्या वर्षी मुलीच्या हट्टापायी मी तिथे उतरलो. तळ ३६ मीटरवर. गाइडने खोली, हवेचा हिशेब, परतीची दिशा, सगळं नीट समजावलं. त्या नऊ जणांचा विषयच निघाला नाही. २५ मीटरवर टाकीतली हवा पाण्याच्या पृष्ठभागापेक्षा साडेतीनपट वेगाने संपते, तिथे रेंगाळता येत नाही. सगळं निळंकरडं दिसत होतं. टॉर्च लावला आणि समोरचा गंज एकदम तांबडा झाला. पत्र्यांच्या जोडावर वेल्डिंगची शिवण अजून सरळ दिसत होती, मधूनमधून नारिंगी स्पंज उगवलेले. कुणीतरी वाकून, तोंडासमोर काच धरून ओढलेली ती रेघ. हात लावायचा नाही हा नियम, म्हणून नुसता टॉर्च फिरवत राहिलो. शेवटी मुलीने खांद्यावर थोपटून हवेचा गेज दाखवला.

डायव्हिंगला माझा विरोध नाही. भंगारात तुकडे होण्यापेक्षा जहाज तिथे आहे, त्याच्याभोवती बाराकुडा माशांचे थवे फिरतात, हे मला मनापासून बरं वाटतं. पण पुन्हा त्याबद्दल छापाल तेव्हा स्फोटाची तारीख आणि नऊ हा आकडा जरूर द्या. तिथे जाणाऱ्या वाचकांनीही उतरण्याआधी गाइडला विचारावं. मी बाहेर आल्यावर विचारलं, तेव्हा त्याला सगळं ठाऊक होतं. आजवर कुणी विचारलंच नव्हतं, म्हणाला.

आपला,
एक निवृत्त फोरमन