झांकीतला एक पुतळा तरी राखून ठेवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परवा अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरच्या जेल रोडवर कापड मिलच्या कामगारांच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले हलते देखावे, बघत उभी होते आणि सारखं व्हॅलेन्सिया आठवत होतं. आर्किटेक्चरच्या एका सेमिस्टरसाठी मी स्पेनमधल्या या शहरात राहून आले. तिथे मार्चमध्ये ‘फायास’ असतात. जवळपास चारशे मंडळं वर्षभर पैसे जमवून चौकाचौकांत लाकूड, पुठ्ठा आणि थर्माकोलचे उंच देखावे उभारतात. आणि १९ मार्चला, संत जोसेफच्या दिवशी, रात्री ते जाळून टाकतात.

आमच्या गल्लीतल्या मंडळाने मलाही आपल्यात बसवून घेतलं. लाल भोपळ्याचे गरम बुन्युएलो, म्हणजे तळलेले गोड वडे, हातावर ठेवले. पहिला घास घेतला आणि आईचे घारगे आठवले. रात्री बंबवाल्यांनी आधी शेजारच्या भिंती ओल्या केल्या. रेशमी झगा आणि केसांत सोनेरी कंगवे खोवलेल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलीने वात पेटवली. एका म्हाताऱ्याच्या पुतळ्याच्या गालावरचा रंग फुगला, नाक ओघळलं, मग हात गळून पडला. ती मुलगी आईच्या कुशीत तोंड खुपसून रडत होती. माझेही डोळे भरून आले.

पण सगळं जळत नाही. प्रत्येक मंडळ आपला एक पुतळा आधी प्रदर्शनात पाठवतं, लोक मत देतात आणि सगळ्यांत आवडलेल्या पुतळ्याला जीवदान मिळतं. १९३४ पासून ही रीत आहे. वाचलेले पुतळे संग्रहालयात आहेत. तिथल्या पहिल्या पुतळ्यापाशी, आजी आणि नात यांच्यापाशी, मी बराच वेळ उभी राहिले.

माझे आजोबा इथल्या हुकुमचंद मिलमध्ये साचे खात्यात, म्हणजे मागांवर, होते. झांकीतल्या यशोदेचा ताक घुसळणारा हात त्यांनी सायकलच्या चेनवर चालवला होता. मिल १९९१ मध्ये बंद पडली, तरी कामगार वर्गणी काढून झांकी काढतच राहिले. ती यशोदा मात्र कुठे गेली कुणालाच माहीत नाही. आमच्या घरी तिचा एक फोटोसुद्धा नाही.

व्हॅलेन्सियात जाळायच्या वस्तूतलाही एक पुतळा वाचवतात. आपण तर जाळतही नाही, नुसतं मोडतो. दरवर्षी लोकांनी मत देऊन एक पुतळा निवडावा, त्याच्याखाली कारागिराचं नाव, मिल आणि साल लिहावं. जागा लहान असली तरी चालेल, राजवाड्याच्या आसपास एखादी खोली मिळाली तरी पुरे. आणि मोटर, चेन, पट्टे कसे जोडायचे हे ज्यांच्या हातात आहे, ते कामगार आता ऐंशीच्या घरात आहेत. पुढच्या गणपतीच्या आत कुणीतरी वही घेऊन त्यांच्याकडे जायला हवं. मी येत्या रविवारपासून जाणार आहे. बरोबर कुणी आलं तर बरंच होईल.

आपली,
एक विद्यार्थिनी, रामबाग, इंदूर