कोंबडीचा तुरा आणि विदर्भातला मे महिना : पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

परसातल्या कोंबड्यांसाठी उन्हाळ्यात गावोगाव पोचतो तो सल्ला एकच: सावली करा, पंखा लावा. विदर्भात तो अपुरा पडतो.

कोंबडीला घाम येत नाही. तुरा आणि गळ्याखालच्या लाल लोंबत्या कातडीत रक्त भरपूर खेळते, तिथून ती उष्णता बाहेर टाकते. पण हवा अंगापेक्षा थंड असेल तरच. पक्ष्याच्या अंगाचे तापमान 41 ते 42 अंश. चंद्रपूर, अकोल्यात पारा 45 वर गेला की तुरा उलट उष्णता ओढून घेतो आणि कोरड्या पंख्याने गरम झोतच बसतो. मग उरते फक्त धाप टाकणे, आणि त्याला पाणी लागते. छपरावरच्या काळ्या टाकीतले तापलेले पाणी कोंबडी पीत नाही. टाकीला ओले गोणपाट गुंडाळावे, पाणी दिवसातून तीनदा बदलावे. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच खाद्य काढून घ्यावे. पचनानेही अंग तापते. पत्र्यावर चुना किंवा पऱ्हाटी (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) घालावी. शेडच्या बाजूंना ओले गोणपाट कोरड्या हवेतच उपयोगी. कोकणात त्याने दमटपणा वाढून धाप निकामी होते, तिथे वारा खेळता हवा. राज्यभर एकच पत्रक काढू नये ते यासाठी.

पक्षी पंख पसरून मान टाकू लागला की सावलीत न्यावा. पाय, तुरा आणि लोंबती कातडी साध्या गार पाण्याने भिजवावी. बर्फ नको, रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच कोंडते. बेशुद्ध पक्ष्याच्या चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. शुद्धीवर आल्यावर इलेक्ट्रोलाइट पावडरीचे पाणी द्यावे.

थंडीत तुरा गोठणे हा लडाख-काश्मीरचा प्रश्न. निफाडच्या गारठ्यात पडदे गच्च बांधून विष्ठेतून सुटणारा अमोनिया वायू कोंडणे हा आपला. वर फूटभर फट हवी.

मागण्या मोजक्या आहेत. एप्रिल-मेमध्ये पक्षीवाटप थांबवावे, अटळ असेल तर वाहतूक रात्री करावी. शेडच्या वाहिनीवर दुपारी भारनियमन नको, कारण पाण्याचा बारीक फवारा उडवणारा फॉगर तेव्हाच लागतो. आणि प्रशिक्षणात तुऱ्याची ओळख शिकवावी: खपल्या असतील तर कोंबड्यांच्या देवी रोगाची शंका, त्या सोलू नयेत, पोव्हिडोन आयोडीन लावावे. तुरा काळानिळा पडून पक्षी पटापट मरत असतील तर उष्माघात धरून चालू नये, बर्ड फ्लू असू शकतो. मेलेल्या पक्ष्यांना हात न लावता त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

आपले,
विदर्भातील कुक्कुटपालक