विकत घेतलेली वाढ वेगळी दाखवा

मा. संपादक,
स. न.

आपल्या अर्थविषयक पानावरच्या मालवाहतूक कंपन्यांच्या बातम्या मी नेमाने वाचते. अमक्या कंपनीने तमकी कंपनी घेतली, ताफा दुप्पट झाला, उलाढाल एवढ्या टक्क्यांनी वाढली, आणि सोबत रांगेत उभ्या ट्रकांचा फोटो. मी एकवीस वर्षे एका वाहतूक कंपनीत बिलिंगला होते. त्यातली शेवटची चार वर्षे आमची कंपनी दुसऱ्या, मोठ्या कंपनीने घेतल्यानंतरची. म्हणून लिहावेसे वाटले.

दोन घरांचा हिशेब एका वहीत मांडला की बेरीज मोठी दिसणारच. विचारायला हवे ते हे, की घेणाऱ्या कंपनीचा स्वतःचा माल किती वाढला, आणि घेतलेल्या कंपनीची गिऱ्हाइके वर्षाने किती उरली. हे दोन आकडे मला बातमीत क्वचितच सापडतात.

विकत घेण्यात वेडेपणा आहे असे मी म्हणत नाही. फुटकळ मालाच्या, म्हणजे एकाच गाडीत अनेकांचा थोडाथोडा माल नेण्याच्या धंद्यात गाडी एका दारात एक नग उतरवो की चार, फेरा तोच, ड्रायव्हर तोच, डिझेलही जवळपास तेवढेच. त्यामुळे त्याच रस्त्यावरचा जास्त माल हाती आला तर फायदा खराच होतो. शिवाय मोक्याच्या जागी नवे टर्मिनल, म्हणजे माल एका गाडीतून उतरवून दुसरीत भरण्याचे ठाणे, उभारायचे तर आधी जागा मिळत नाही, मिळाली तर परवानग्यांत वर्षे जातात. अमेरिकेतली यलो ही जुनी मालवाहतूक कंपनी ऑगस्ट 2023 मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा तिच्या टर्मिनलांवर प्रतिस्पर्ध्यांच्या उड्या पडल्या. एकट्या एक्सपीओ कंपनीने 28 घेतली. ट्रक काय, शोरूममध्येही मिळतात.

ही यलोसुद्धा खरेदी करतच मोठी झाली होती. 2003 मध्ये रोडवे कंपनी घेतली, 2005 मध्ये यूएसएफ. दोन्ही वेळा कर्ज वाढले, मग मंदी आली. यलो आणि रोडवे यांची जाळी एक करायलाच 2009 उजाडले, आणि यूएसएफबरोबर आलेल्या हॉलंड, रेडअवे या प्रादेशिक कंपन्या त्यानंतरही वेगळ्याच चालल्या. शेवटी सगळे एका नावाखाली आणायला निघाले, तेव्हा कामगार संघटनेशी बिनसले. कंपनी बंद पडली, सुमारे 30,000 लोकांचे काम गेले. यूपीएस या कुरिअर कंपनीने 2005 मध्ये सव्वा अब्ज डॉलरला घेतलेला ओव्हरनाइट या ट्रक कंपनीचा धंदा 2021 मध्ये कॅनडाच्या टीएफआयला 80 कोटी डॉलरला विकला, तेही इथे आठवते.

उलट उदाहरणही आहे. डेन्मार्कची डीएसव्ही 1976 मध्ये दहा ट्रकमालकांनी मिळून काढली. एकामागून एक कंपन्या घेत 2019 मध्ये पनालपिना आणि 2025 मध्ये, 14.3 अब्ज युरोंच्या व्यवहारात, शेंकर या कंपन्याही तिने घेतल्या. घेतलेल्या कंपनीला चटकन आपल्या संगणक प्रणालीवर आणायचे, ही तिची ख्याती. ती वाचून मला थोडा हेवाच वाटला.

कारण आमच्याकडे दोन वर्षे दोन प्रणाली शेजारी शेजारी चालल्या. एकाच गिऱ्हाइकाचे दोन कोड, दोन रेट चार्ट. आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या गोदामात फोर्कलिफ्ट एकच, म्हणून पहिल्या दोन तासांचे हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबल्याचे पैसे, त्याला लावायचे नाही, असे कधीकाळी तोंडी ठरलेले. ते फक्त माझ्या टेबलावरच्या वहीत होते. नव्या प्रणालीने हॉल्टिंग लावले, त्याने बिले परत पाठवली, वसुली अडकली. सहा महिन्यांनी त्याचा माल दुसऱ्याच्या गाडीत. ती वही मला कोणी मागितली नव्हती. मीही आपणहून पुढे केली नाही, हे कबूल करते.

ड्रायव्हरांचे तर विचारूच नका. आमच्यांचे पैसे खेपेवर, त्यांच्यांचे किलोमीटरवर. माल चढवण्या-उतरवण्याच्या एकाच डॉकवर खोळंबलेल्या दोघांपैकी एकाला थांबल्याचे पैसे, दुसऱ्याला काही नाही. पगारपत्रके जुळेपर्यंत चांगले ड्रायव्हर निघून गेले आणि 'दुप्पट ताफ्या'तल्या कितीतरी गाड्या आवारात उभ्या राहिल्या. बातमीत त्याही मोजलेल्या होत्याच.

तेव्हा विनंती एवढीच, की उलाढालीची टक्केवारी छापताना त्यातली विकत आलेली किती, हे कंपनीला विचारून शेजारी छापावे. मोठी खरेदी असेल तर कर्ज किती काढले तेही. आणि जमल्यास, बरोबर एका वर्षाने त्याच कंपनीवर पुन्हा एक बातमी करावी. फोटो नसला तरी चालेल.

आपली,
एक निवृत्त बिलिंग कर्मचारी