जुन्या गोव्यात गुलामांच्या लिलावाचा फलक हवा

महोदय,

गेल्या रविवारी पाहुण्यांना घेऊन जुन्या गोव्यात गेलो होतो. दिवाडीच्या फेरीधक्क्यावरून व्हाइसरॉयच्या कमानीखालून वर चढताना मी सांगितले की, या वाटेला पोर्तुगीज अमदानीत रुआ दिरैता म्हणत आणि येथे माणसांचा लिलाव होई. पाहुण्यांच्या दहा वर्षांच्या मुलीने लगेच विचारले, ‘‘ते कुठे लिहिलंय?’’ चर्चच्या कमानी-खांबांची माहिती देणारे फलक आम्ही वाचले होते. लिलावाविषयी मात्र मला एक ओळही दाखवता आली नाही.

१५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्स्होतेन या डच प्रवाशाने लिहून ठेवले आहे की, रविवार आणि सणवार वगळता रोज सकाळी येथे लिलाव चाले आणि त्यात अरबी घोडे, जडजवाहीर यांच्या जोडीने गुलामही विकले जात. त्यांतील कित्येक मोझांबिकहून आणलेले असत. मालक केवळ गोरे नव्हते, इथली सधन घराणीही होती, आणि मला वाटते, आपल्या मौनाचे खरे कारण तेच आहे. लहानपणी जेवलो नाही तर ‘खापरी येईल’ असा धाक आम्हाला घातला जाई. हा खापरी म्हणजे आफ्रिकेतून धरून आणलेला, घाबरलेला माणूस होता, हे कोणी सांगितले नाही.

१८३६ मध्ये पोर्तुगालने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली, पण गुलामगिरी तशीच राहिली. १८६९ मध्ये तीही कायद्याने संपली, तरी ‘लिबेर्तु’ (मुक्त केलेला) असे नवे नाव देऊन त्याच माणसांना त्याच धन्याकडे १८७८ पर्यंत राबवण्याची सोय त्या कायद्यातच होती. मॉरिशसच्या ऊसमळ्यांत करारावर नेलेल्या रत्नागिरीच्या मजुरांविषयी आपण कळवळ्याने बोलतो, ते योग्यच आहे. तोच कळवळा आपल्या दारात राबलेल्यांच्या वाट्याला का येऊ नये?

गोव्यातून निसटलेले अनेक गुलाम घाट चढून कर्नाटकातल्या यल्लापूर, हल्याळच्या रानांत स्थिरावले. त्यांचे वंशज सिद्दी आजही घरात कोकणी बोलतात. कमानीपाशी मराठी, कोकणी व इंग्रजीत फलक लावावा आणि त्याचा मजकूर ठरवताना या सिद्दींना बोलावून घ्यावे, अशी माझी संबंधितांना विनंती आहे.

— एक वाचक, फोंडा