दापोलीला होस्टेलवर राहणाऱ्या लेकीस

कुडाळ,
श्रावण

चि. मुक्ता हीस,
अनेक आशीर्वाद.

बाय, तू फोनवर मेसच्या बिलाबद्दल एवढी तणतणलीस की बाकी सगळं राहूनच गेलं. "पंधरा दिवस जेवले, तरी दिवसाचा दर सीनियरांनी सांगितला त्यापेक्षा जास्त कसा?" प्रश्न बरोबर आहे, पण बिल बहुतेक चुकलेलं नसावं. बोर्डिंगांच्या वह्या तपासायचंच माझं काम, म्हणून हा हिशेब कागदावर मांडून पाठवते. फोनवर तो डोक्यात शिरत नाही.

मुलींच्या कमिटीने चालवलेली मेस म्हणजे महिन्याचा सगळा खर्च भागिले सगळ्यांचे मिळून जेवणाचे दिवस. समज, ८० मुली, महिना ३० दिवसांचा, म्हणजे २४०० दिवस. त्यातून ३०० खाडे, म्हणजे न जेवलेले दिवस, गेले, उरले २१००. खर्च झाला १,८९,००० रुपये, तर दर पडला ९० रुपये. आता त्या १,८९,००० मध्ये साधारण ६३,००० रुपये आचारी, मदतनीस बायका, भांडीवाली आणि गॅसचा काही भाग यांचे असतात. ते कोणी जेवो न जेवो, जातातच. खरा पोटात जाणारा खर्च दिवसाला ६० रुपये. आता प्रवेशाचा महिना घे. निम्म्या मुली उशिरा येतात, दिवस भरतात फक्त १२००. पोटातला खर्च ७२,००० वर उतरला, पण ते ६३,००० जागचे हलले नाहीत. एकूण १,३५,०००, भागिले १२००, दर ११२ रुपये ५० पैसे. कोणी खाल्ले नाहीत तुझे पैसे. दिवाळीच्या महिन्यातही असंच होणार, तेव्हा पुन्हा भांडायला जाऊ नकोस.

भांडायचं कुठे, ते सांगते. साठ्याच्या वहीत. पहिल्या तारखेची शिल्लक, अधिक महिन्याची खरेदी, वजा अखेरची शिल्लक, म्हणजे वापर. गोम नेहमी या अखेरच्या शिलकीत असते. कोठीत जाऊन वजन करायचा कंटाळा, म्हणून वहीत "तांदूळ अंदाजे अर्धं पोतं" असं लिहून मोकळे होतात. शिल्लक कमी लिहिली की या महिन्याचं बिल फुगतं आणि पुढच्या महिन्याचं उतरतं. वर्षभर राहणाऱ्या मुलीचं त्यात फार जात नाही, पण शेवटच्या वर्षाच्या मुली मे महिन्यात निघून जातात आणि त्यांचे पैसे मागे राहतात. ३० तारखेला संध्याकाळी दोघींनी काटा घेऊन कोठीत उभं राहायचं. अर्ध्या तासाचं काम आहे.

काही आकडे पाठ असू देत. तांदूळ माणशी एका वेळेला १०० ग्रॅम, म्हणजे ८० जणींना दोन वेळचे मिळून १६ किलो. ५० किलोचं पोतं तीन दिवस पुरलं पाहिजे. एक किलो कणकेच्या मेसमधल्या चपात्या ३० ते ३५ होतात, घरच्यासारख्या पातळ केल्या तर ४०. तेल दिवसाला माणशी ३० ग्रॅम धरलं तर २ किलो ४०० ग्रॅम, म्हणून १५ किलोचा डबा सहा दिवस चालतो. चार दिवसांत संपला तर आधी त्या आठवड्यात भजी-पुऱ्या किती वेळा झाल्या ते विचार, चोरीचा संशय नंतर. भाजीला पक्की पावती मिळत नाही, म्हणून तिचं वजन दारातच करायचं, आत गेल्यावर नाही. गॅसची १९ किलोची टाकी आली की ती काट्यावर ठेवायची. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच कोरलेलं असतं, ते वजा करायचं.

आणि खाडा आदल्या संध्याकाळपर्यंतच का लिहायचा, यावरून दरवर्षी वाद होतो. आचारी पहाटे तांदूळ काढतो तो आदल्या रात्रीच्या यादीवर. सकाळी आठला तू "आज मी नाही" म्हणालीस तर तुझा भात शिजलेला असतो, तो बाकीच्यांच्या माथी बसतो.

मासे मिळत नाहीत ही तुझी दुसरी तक्रार. अगो, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात जायला बंदी असते. या दोन महिन्यांत माशांची वीण होते आणि दर्याही खवळलेला असतो. बाजारात येतं ते खाडीचं किंवा बर्फातलं, दोन्ही महाग. म्हणून जुलैत मेसला सुका जवळा नाहीतर अंडी. नारळी पौर्णिमेनंतर बांगडा स्वस्त होईल, तेव्हा कमिटीला सांगून वार ठरवून घ्या. सामिष जेवणाचा खर्च वेगळ्या पानावर लिहायचा, शाकाहारी मुलींच्या दरात तो घालायचा नाही. मेस फुटते ती बहुतेक याच पानावरून.

तू म्हणालीस, एवढी कटकट करण्यापेक्षा ठेकेदार बरा. असेलही. पण हे मुलांनी स्वतः चालवणं कुठून आलं ते तुला ठाऊक असावं. आपल्याकडे शिकायला बाहेर पडलेल्या मुलाने माधुकरी मागायची किंवा सात घरी वार लावून जेवायचं, ही जुनी सोय. ती ठरावीक जातीच्या मुलांपुरतीच. बाकीच्यांनी शिकायचं तर खायचं कुठे, हा पहिला प्रश्न. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि पुढे एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी केली. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली आणलं. मुलं कामही करायची, स्वयंपाकही करायची आणि एका पंगतीत जेवायची. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू बोर्डिंग हे नाव मिळालं. त्या काळी एका पंगतीला बसणं हीच केवढी मोठी गोष्ट होती. तुमच्या ताटांसाठी लागणाऱ्या रांगेत आज कोण कोणाच्या मागे उभी आहे हे कोणी बघत नाही, ते आपोआप झालेलं नाही.

मुलींचा इतिहास तर तुझ्या आजूबाजूचाच आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, तिथे शिकायला येऊन राहिलेली पहिली विधवा देवरुखची गोदूबाई. तिच्याशी धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये लग्न केलं, तीच बाया कर्वे. कर्वे मुरूडचे, म्हणजे तुमच्याच दापोली तालुक्यातले. परीक्षेला बसायला हा मुलगा मुरूडहून साताऱ्याला चालत गेला आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्याला बसू दिलं नाही. पुढे १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो पुण्याजवळ हिंगण्याच्या झोपडीत नेला. मुलींनी घराबाहेर राहून शिकायचं म्हटल्यावर आधी राहायची जागा लागते, शाळा नंतर. हे त्यांनी ओळखलं होतं. रविवारी मुरूडला समुद्रावर जालच, तेव्हा नुसते फोटो काढून परत येऊ नका.

तुमचं कृषी महाविद्यालय १९६५ चं, विद्यापीठ १८ मे १९७२ चं, आणि डॉ. बाळासाहेब सावंतांचं नाव त्याला २००१ मध्ये मिळालं. आपल्या परसातली रत्ना आंब्याची झाडं याच विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या केंद्रातली: नीलम आणि हापूस यांचा संकर.

आता खोलीचं. दापोलीचा पाऊस कुडाळइतकाच, पण इथे चूल आहे, माळा आहे. तिथे एक कपाट. जांभ्याची भिंत पाणी शोषते आणि पावसाचा मारा येतो नैर्ऋत्येकडून, म्हणून त्या बाजूच्या भिंतीला कपाट चिकटवू नका. चार बोटं जागा सोडा. ट्रंक विटांवर. कपड्यांचा ढीग करून रविवारी धुणं ही इथली सगळ्यात मोठी चूक: दोरीवर दाटीने घातलेले कपडे तीन दिवस ओले राहतात आणि मग येतो तो कुबट वास. रोज दोनच कपडे धू, घट्ट पिळ, पंख्याखाली हातभर अंतरावर घाल. अर्धवट सुकलेला एक पंचा कपाटात गेला की सगळ्या कपड्यांना वास लावतो. चामड्याच्या चपला घरी पाठव, त्यांच्यावर हिरवी बुरशी धरेल. प्रॅक्टिकलची वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवशील तर आधी ती पूर्ण कोरडी आहे ना बघ, नाहीतर पिशवीतच घाम धरून शाई फुटते.

लावणीच्या प्रॅक्टिकलला पायाला चीर असेल तर बाईंना सांगून बांधावर थांब. उंदराच्या मुतातून लेप्टोचा आजार पसरतो, तो चिखलातून जखमेवाटे शिरतो. चिखलात उतरल्यावर पंधरवड्याच्या आत ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले, तर गोळी खाऊन झोपू नकोस. दवाखान्यात जा, आणि "मी शेतात उतरले होते" हे वाक्य डॉक्टरांना स्वतःहून सांग. त्यावरून ते औषध ठरवतात.

रात्री मेसहून येताना बॅटरी हवीच. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, फुरसं (विषारी साप) असतं, वीत-दीड वीत लांबीचं, मातकट, दगडाच्या रंगात मिसळून जाणारं. ते पळत नाही. वेटोळं करून खवले घासतं, तो खरखर आवाज आला की जागीच थांब, बॅटरी मार आणि मागे सर. बाहेर ठेवलेले गमबूट उलटे करून आपटल्याशिवाय पाय घालायचा नाही. चावलंच तर पाय हलवायचा नाही, आवळून बांधायचा नाही, चिरायचा नाही. गाडी बोलवून सरळ सरकारी दवाखाना, सापाच्या विषावरची लस तिथे असते.

खोलीत पाणी तापवायची कॉइल किंवा किटली चोरून वापरता, हे मला सांगायला नको. १५०० वॅटची किटली साडेसहा अँपिअर ओढते, तुमचं लहान सॉकेट सहाचं. एकीने लावली तर सॉकेट तापतं, तिघींनी लावली तर मजल्याची वीज जाते, आणि ओल धरलेल्या भिंतीत ते तापणं मला अजिबात आवडत नाही. गरम पाणी मेसमधून आणा.

रॅगिंगचं प्रतिज्ञापत्र आपण दोघींनी भरलंय, त्यात लिहिलेलं नीट वाच. महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड, आणि दोषी ठरलेल्याला पाच वर्षं कुठेही प्रवेश नाही. "नाव सांग, गाणं म्हण" इथपर्यंत हसून घे. दार लावून घेतलं किंवा रात्री उठवलं तर रेक्टर मॅडमना सांग, नाहीतर १८००-१८०-५५२२ वर. तिथे नाव न देताही तक्रार घेतात. पुढच्या वर्षी तू सीनियर होशील, तेव्हाही हेच लागू.

गणपतीला येताना खाड्याचा अर्ज दोन दिवस आधीच देऊन ठेव, त्या आठवड्यात सगळ्याच मुली देतात आणि वही सापडत नाही. दापोलीहून खेडपर्यंत एसटी, पुढे रेल्वे. रिझर्व्हेशन बाबांनी केलंय, पण घाटात पावसाने एसटी रखडते, तेव्हा एक एसटी आधीची पकड. येताना अंथरुणाची चादर आण, इथे उन्हात घालून देईन. ऊन पडलं तर. आणि मेसचे पैसे सोमवारी खात्यात टाकते. पावती मात्र मागून घे.

तुझी,
आई