बॅकअप घेतला, पण परत आणता येईल का?

महोदय,

घरच्या संगणकासाठी बॅकअपचे कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, हा विषय निघाला की बोलणे बहुधा किंमत आणि वेग यांपाशीच थांबते. डिस्क बंद पडेल त्या दिवशी हे सॉफ्टवेअर चालू कशावरून करायचे, हे फारसे कोणी विचारत नाही. माझ्या मते निवड आधी त्या प्रश्नावर व्हायला हवी.

हे मी स्वतः ठेच लागल्यावर शिकलो. माझ्या संगणकाची डिस्क गेली तेव्हा बाहेरच्या डिस्कवर संपूर्ण इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत, होती. मात्र ती उघडणारा प्रोग्रॅम बंद पडलेल्या डिस्कवरच राहिला होता आणि विंडोज सुरू होत नसताना ज्यावरून संगणक चालू करता येतो, तो रेस्क्यू पेन ड्राइव्ह मी कधी तयार केलाच नव्हता. दुसऱ्या संगणकावर तो तयार करून रिस्टोअर, म्हणजे इमेज परत डिस्कवर उतरवणे, सुरू केले, तर निम्म्याहून पुढे गेलेली पट्टी थबकली आणि इमेज फाइल खराब असल्याचा संदेश आला. बॅकअपनंतर पडताळणी करण्याची सोय त्या प्रोग्रॅममध्ये होती, पण वेळ वाचावा म्हणून मी ती बंद ठेवली होती. त्या इमेजखेरीज दुसरी प्रत नसलेले घरातले अनेक फोटो तेव्हा गेले ते गेलेच.

फाइलींची प्रत आणि डिस्कची इमेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीने कागदपत्रे आणि फोटो वाचतात. दुसरीने विंडोज, बसवलेले प्रोग्रॅम आणि संगणक सुरू होण्यासाठी लागणारी छोटी पार्टिशनेही (डिस्कचे विभाग) परत मिळतात. विंडोजमध्ये सिस्टिम इमेजची सोय आजही सापडते, परंतु मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच तिचा विकास थांबवल्याचे जाहीर केले आहे, त्यामुळे केवळ तिच्यावर विसंबू नये. क्लोनझिला हे इमेज घेणारे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि मुळात पेन ड्राइव्हवरूनच चालते, म्हणून माझ्या कसोटीला ते चांगले उतरते. मात्र त्याची पडदाभर अक्षरे नवख्याला गोंधळात टाकतात, आणि नवी डिस्क जुनीपेक्षा लहान असेल तर ते सहसा अडून बसते. मॅक्रियम रिफ्लेक्ट या अशाच सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती अनेक घरांत वापरात होती, पण कंपनीने तीही बंद केली. सॉफ्टवेअर विकत घेतलेले असो वा मोफत, त्याची इन्स्टॉल फाइल आणि रेस्क्यू पेन ड्राइव्ह इमेजबरोबरच जपून ठेवलेले बरे.

इन्क्रिमेंटल बॅकअपमध्ये दर वेळी फक्त मागच्या बॅकअपनंतरचे बदल साठवले जातात. त्याला जागा कमी लागते, परंतु साखळीतली एक फाइल बिघडली की तिच्यानंतरच्या सगळ्या निकामी होतात. डिफरन्शियल पद्धतीत दर वेळी मूळ पूर्ण इमेजनंतरचे सगळे बदल साठवले जातात, म्हणून मूळ इमेज आणि हवी ती एक फाइल एवढ्यावर भागते. जागा थोडी जास्त गेली तरी घरासाठी मला हीच पद्धत योग्य वाटते. बॅकअपची डिस्क कायम जोडून ठेवू नये, कारण फाइली अडकवून खंडणी मागणारे रॅन्समवेअर शिरले तर तीही कुलूपबंद होते. डिस्कवरची माहिती सांकेतिक रूपात ठेवणारे विंडोजमधले बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. चालू विंडोजमधून घेतलेली इमेज साधारणपणे उघड्या स्वरूपात साठते, म्हणून तिला वेगळा पासवर्ड द्यावा, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही.

सॉफ्टवेअर पक्के करण्यापूर्वी संगणक एकदा रेस्क्यू पेन ड्राइव्हवरून सुरू करावा, बाहेरची डिस्क त्याला दिसते का ते पाहावे आणि इमेजमधला एखादा फोटो उघडून बघावा. शक्य असल्यास एखाद्या जादा डिस्कवर पूर्ण रिस्टोअर करून पाहावे. यात एखादी संध्याकाळ जाईल, पण ती खर्च करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपल्या दैनिकात अशा सॉफ्टवेअरची ओळख छापताना लेखकाने इमेज परत आणून पाहिली होती का, त्याला किती वेळ लागला आणि अडचण कुठे आली, एवढे तरी आवर्जून द्यावे.

आपला,
एक नियमित वाचक